मुंबईत माणूस माणसाला ओळखतो

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला तीन ग्रुपवर आला: माहेरच्या, शाळेच्या मैत्रिणींच्या आणि सोसायटीच्या. ‘मुंबईत गर्दी आहे, समाज नाही’ अशी त्याची सुरुवात. लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. माणूस ऑफिसात एक, घरी दुसरा, सगळे मुखवटे. खरी नाती गावाकडेच उरली. शेजारी गेला तरी दोन दिवस पत्ता लागत नाही. आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी अठरा वर्षं अकरावी-बारावीला समाजशास्त्र शिकवतेय आणि रोज मुलुंड-दादर लोकलने जातेय. मुंबईकर स्वतःबद्दलच हे खरं मानायला लागलेत, याचं मला वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते न बघणं. ऐन गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. रेल्वेने या अवस्थेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं वेगळं नावच दिलंय. दुसरीचा श्वास मानेवर येतोय अशा ठिकाणी नजर खाली घेणं म्हणजे तिला तेवढी तरी मोकळी जागा देणं. एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये या वागण्याला नाव दिलं. मराठीत आपण त्याला ‘सभ्य दुर्लक्ष’ म्हणू. तू इथे आहेस हे मी पाहिलं, माझ्यापासून तुला त्रास नाही, एवढं ओझरत्या नजरेत सांगायचं आणि डोळे वळवायचे. ही आंतरक्रियाच आहे, म्हणजे माणसांचा एकमेकांशी चाललेला व्यवहारच. जिने रस्त्यावर रोखलेल्या नजरा झेलल्यात, तिला न बघण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये बर्लिनसारख्या महानगरातल्या माणसाबद्दल हेच लिहिलं होतं: इतक्या माणसांना, इतक्या घडामोडींना मन रोज प्रतिसाद देत बसलं तर ते टिकणार नाही, म्हणून तो थोडा अलिप्त राहतो. आणि त्या अलिप्तपणातच त्याला मोकळीकही मिळते.

हा अलिप्तपणा किती पातळ असतो ते गेल्या उन्हाळ्यात पाहिलं. विक्रोळी सोडल्यावर दाराजवळची एक मुलगी पांढरीफटक पडली. तोवर कुणी तिच्याकडे बघितलंही नव्हतं. पुढच्या अर्ध्या मिनिटात खिडकीजवळची बाई उठली होती, तीन बाटल्या डोक्यांवरून पुढे आल्या होत्या, कुणीतरी ओढणीने वारा घालत होतं आणि एकीने पर्समधून लिमलेटची गोळी काढली होती. कुर्ल्याला दोघी तिच्याबरोबर उतरल्या. त्यांचा लेटमार्क ठरलेला होता. तिचं नाव कुणीच विचारलं नाही. २६ जुलै २००५ चं उदाहरण मी मुद्दाम देत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण संकटात माणसं कुठेही धावतात. मला साध्या मंगळवारबद्दल बोलायचंय.

आता ‘गर्दी आहे, समाज नाही’. दादरच्या पुलावरची माणसं समूह नसतात, हे अगदी मान्य. एका वेळी एका जागी असणं एवढ्याने समूह होत नाही. त्याला वारंवार भेट लागते, काही नियम लागतात, ‘आपण’ आणि ‘बाकीचे’ अशी जाणीव लागते. हे सगळं आमच्या ८.१२ च्या लोकलच्या बायकांच्या डब्यात आहे. मुलुंडला चढलं की बसलेल्या बाईला पहिला प्रश्न, “कुठे?”, म्हणजे कुठे उतरणार. ती म्हणते, “घाटकोपर.” “कुणाला सांगितलंय?” “नाही.” झालं, सीट माझी. मागून आलेली कितीही दांडगी असली तरी हा शब्द मोडत नाही. हा नियम कुठेच लिहिलेला नाही. तो मोडणारीला दंड नाही, फक्त अख्खा डबा तिच्यावर तुटून पडतो. समाजशास्त्रात याला लोकरीती म्हणतात आणि ती शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण आजवर सापडलेलं नाही. आमच्या ग्रुपची भिशी आहे, दसऱ्याला डब्यात पूजा असते, हळदीकुंकू असतं. माझ्या फोनमध्ये एकीचं नाव ‘मीना ८.१२’ असंच आहे. आडनाव मला सहा वर्षांनी कळलं.

याच ग्रुपची दुसरी बाजूही सांगायला हवी. नवीन बाईला हे ग्रुप दारातून आत सरकू देत नाहीत, जागा अडवतात, घालूनपाडून बोलतात. अंतर्समूह, म्हणजे ‘आपण’, घट्ट झाला की बहिर्समूहाला, म्हणजे ‘बाकीच्यांना’, चटके बसतात. डब्यात समाज नसता तर हा त्रासही झाला नसता.

मुखवट्यांचा मुद्दा मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. आमच्या डब्यात एक नर्स असते. मुलुंड ते भांडुप एवढ्यात तिचे तीन फोन होतात. सासूबाईंशी “हो आई, दुपारची गोळी डब्यात वेगळी ठेवलीय”. मुलाला “प्रोजेक्ट दप्तरात टाकलंस का, खरं सांग”. वॉर्डमधल्या सिस्टरला आकडे, सलाइन, बेड नंबर. तीन आवाज, तीन प्रकारचे शब्द. यातली खोटी ती कोणती? प्रत्येक दर्जाला, म्हणजे समाजातल्या आपल्या स्थानाला, एक भूमिका जोडलेली असते. सून, आई, नर्स या तिच्या तिन्ही भूमिका खऱ्या आहेत. नाइट ड्यूटी आणि मुलाची परीक्षा एकाच दिवशी आली की भूमिका-संघर्ष होतो, आणि तिला त्याची झळ लागते ती दोन्ही भूमिका मनापासून निभावते म्हणूनच. तिला मुखवटेवाली म्हणणाऱ्याने एक दिवस तिची पर्स उचलून बघावी.

राहिलं गाव. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, खरं आहे. पण तिथे ओळख आडनावापासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच संपते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर म्हटलं होतं. अनेकांनी मुंबई गाठली ती कुणी ओळखू नये म्हणूनच. आडनाव आणि ताटातलं काय ते विचारून भाड्याने खोली देणारे इथेही आहेत, तेही लपवायला नको. शिवाय गाव आणि मुंबई अशी फाळणी आपल्याकडे कधी नव्हतीच. गिरणगावात गावकऱ्यांच्या खोल्या होत्या. एका खोलीत एकाच गावची माणसं पाळीपाळीने झोपत, एक कामावर गेला की दुसरा त्याच जागेवर वळकटी पसरे, आणि जेवण खानावळीत. चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ज्याला प्राथमिक समूह म्हटलं, म्हणजे रोज समोरासमोर असणाऱ्या जवळच्या माणसांचा लहान गट, तो इथे लालबाग-परळच्या खोलीत नांदत होता.

शेवटचा मुद्दा, शेजारी गेल्याचा. हे घडतं, आणि त्या बातम्या वाचून माझ्याही पोटात तुटतं. पण ‘मुंबईची माणुसकी आटली’ हे त्याचं कारण नव्हे. चाळीत गॅलरी सामाईक, नळ सामाईक, दारं दिवसभर उघडी. कुणाची हालचाल दिसली नाही की लगेच कळे. टॉवरमध्ये लिफ्ट, बंद दार, संपलं. पुनर्विकासात बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्या कुटुंबाला ‘चाळच बरी होती’ म्हणायचा मला अधिकार नाही. सामाईक संडासाची रांग मी लावलेली नाही. गॅलरी जे काम आपोआप करायची ते आता ठरवून करावं लागेल, एवढंच. आमच्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या पाच ज्येष्ठांसाठी दोन वर्षांपूर्वी आम्ही एक ठरवलं. सकाळी आठनंतरही दुधाची पिशवी दाराच्या कडीला लटकलेली दिसली, तर वॉचमनने बेल वाजवायची. दार उघडलं नाही, तर समोरच्या घरात ठेवलेली किल्ली घ्यायची.