कौलं, कोड आणि सरांची तक्रार

सर, नमस्कार.

संगणकावर केलेल्या माझ्या 'कौलं' या चित्रमालेवरची तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. त्याच रात्री उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून थांबलो. इतर वाचकांसाठी सरांचा मुद्दा सांगतो. चित्रं बरी आहेत, पण प्रत्येकाखाली अर्धं पान कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, कशाला? कुंचला कुठला वापरला हे कुणी चित्राखाली छापतं का? चित्र यंत्राने काढलं, तुम्ही बटण दाबलंत, आणि ते लपवायला कोड पुढे केलात.

अर्धं पान जास्तच झालं, हे आधी कबूल करतो. त्यातल्या निम्म्या ओळी कागदाची मापं आणि रंगांचे आकडे एवढ्याच होत्या. चित्राशेजारी ब्रश धुतलेल्या पाण्याचा डबा मांडून ठेवावा, तसं ते झालं.

पण कोड म्हणजे कुंचला, हे मला पटत नाही. माझ्याकडे कुंचल्याचं काम प्लॉटरला, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेन चालवणाऱ्या यंत्राला, लावलेलं साधं काळं पेन करतं. कोड काय करतो ते या कौलांवरच दाखवतो.

सुरुवात मी संगणकावर चित्रं काढणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक, जर्मनीचे जॉर्ज नेस, यांच्या 'शॉटर'पासून केली होती, हे मूळ लेखात लिहिलंच आहे. १९६८ च्या सुमाराचं हे चित्र: एका ओळीत १२ चौरस, अशा २२ ओळी. वर सगळे शिस्तीत, खाली जावं तसे कलत, घसरत, विस्कटत जातात. नियम एवढाच की ओळ जितकी खालची, तितकी चौरसाला इकडेतिकडे हलायची मुभा जास्त. मी तोच नियम घेतला, चौरसाच्या जागी कौल ठेवलं, आणि छप्पर काही दिसेना. खडी दिसली. 'शॉटर'चा अर्थही खडीच, त्यामुळे नेस यांचं काही चुकलं नव्हतं.

कारण मला ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या चाळीत सापडलं. चाळ आता नाही, तिथे टॉवर आहे. पण मे महिन्यात शाकारणीला गडी वर चढले की वडील खालून ओरडायचे, "एक हललं असेल तर शेजारचीही बघा रे!" मंगलोरी कौल शेजारच्याच्या खाचेत बसतं. ते एकटं सरकत नाही, सरकताना शेजाऱ्यालाही ओढतं. नेस यांचा प्रत्येक चौरस मात्र आपापला पडतो.

म्हणून मी एक ओळ लिहिली: डावीकडचं कौल जितकं कललं असेल त्याच्या ०.६ पट कल या कौलाने घ्यायचा, आणि वर स्वतःचा थोडा. ०.९ ठेवलं तर अख्खी ओळ वाळत घातलेल्या साडीसारखी झोल खाते. ०.२ वर पुन्हा खडी. ०.६ वर मला आमचं छप्पर दिसलं, त्याला बऱ्याच संध्याकाळी गेल्या. (एक संध्याकाळ तर निव्वळ मूर्खपणात गेली. मी कोन अंशांत दिला होता आणि प्रोग्रॅम तो रेडियनमध्ये मोजत होता. छपरावर माकडांची टोळी नाचून गेल्यासारखं चित्र आलं. मुलीला तेच सगळ्यात आवडलं.)

हा ०.६ चित्रात बोट ठेवून दाखवता येत नाही, पण चित्र त्याच्यावर उभं आहे. एक कौल तिरकं आणि दोन्ही बाजूंची सरळ, असं छप्पर यातून सहसा निघणारच नाही. भिंतीवर तुम्हाला एक चित्र दिसतं. कोडमध्ये त्याची सगळी भावंडं दिसतात, आणि या घरात कोण जन्मणार नाही तेही कळतं. मला दाखवायचं होतं ते हे.

बटणाचं म्हणाल, तर यंत्राला लहर नसते. कौलाचा 'स्वतःचा थोडा' कल प्रोग्रॅम एका सुरुवातीच्या आकड्यावरून काढतो; तो आकडा तोच दिला की 'रँडम' चित्र रेषेन् रेष तेच येतं. मी २०० आकडे देऊन २०० छपरं काढली आणि ७ ठेवली. ती ७ निवडताना कोडचा काही उपयोग झाला नाही, डोळाच लागला. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

तुमचा राग मात्र जुना आहे. १९६५ साली श्टुटगार्टमध्ये नेस यांनी संगणकाची चित्रं मांडली, तेव्हा तिथले चित्रकारही असेच खवळले होते. एकाने विचारलं, तुमचं यंत्र माझ्या हाताचं वळण काढू शकेल का? नेस म्हणाले, काढेल, पण आधी तुम्ही ते कसं काढता ते मला नीट सांगा. त्याच काळात संगणकावर चित्रं काढणारे फ्रीडर नाके यांनी हा प्रसंग सांगितला आहे. मला तो खोचक टोमणा वाटत नाही, त्यात खरी अडचण आहे. मला माझ्याच छपराचं वळण शब्दांत सांगायला इतक्या संध्याकाळी लागल्या.

आता प्रत्येक चित्राखाली फक्त कामाच्या तीन ओळी ठेवल्या आहेत, मराठीत. बाकी कोड वेगळ्या पानावर हलवला.

आणि एक विनंती. चित्रकार व्हेरा मोल्नार यांना १९६८ मध्ये संगणक मिळाला, पण त्याआधी जवळजवळ दहा वर्षं त्या स्वतः नियम ठरवून ते हाताने कागदावर चालवत होत्या. आपणही करून बघू. घोडबंदरला मेट्रोच्या कामातून यायला नको, मीच रविवारी सकाळी तलावपाळीला येतो. पेन्सिल तुमची, हात तुमचा, नियम माझा. कौलं साठच घेऊ. कल किती द्यायचा ते फासा सांगेल, तो मी आणतो.