मुदतीच्या तापाची मुदत कधीच संपलीय

भावकीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. 'टायफॉईड हा शहरी रोग. गावच्या बोअरचं पाणी पिणाऱ्याला होत नाही. झालाच तर 21 दिवसांनी आपोआप उतरतो, गोळ्यांनी तोडला तर अंगात मुरतो. तोवर अन्न बंद. पाण्यात तुरटी फिरवा. विडाल रक्ततपासणी पॉझिटिव्ह तरच टायफॉईड.' खाली जोडलेले हात आणि 'दहा जणांना पाठवा'.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण गावी गेलो तर नववीतला पुतण्या गोधडीत गुरफटलेला, तापाचा सातवा दिवस, जिभेवर पांढरा थर. शेजारी वाटीत नुसती पेजेची निवळ. वहिनी म्हणतात, "भावजी, अजून चौदा दिवस काढायचेत."

चौदा दिवस कशाला काढायचे? 'मुदतीचा ताप' हे नाव पडलं तेव्हा या रोगावर औषधच नव्हतं. माणूस तीन-चार आठवडे तापात जळायचा. त्यातून वाचला तर 'मुदत भरली' म्हणायचे, आणि दहातले एक-दोघे मुदत भरण्याआधीच जायचे. 1948 साली क्लोरॅम्फेनिकॉल हा उपाय सापडला आणि हे गणित बदललं. आज वेळेत योग्य अँटिबायोटिक मिळालं तर शंभरात एखादाही दगावत नाही. उलट मेसेजवाला ज्या तिसऱ्या आठवड्याची वाट बघायला सांगतो, त्याच सुमाराला आतड्यातले व्रण फुटायची भीती सगळ्यात जास्त. आतडं फुटलं की थेट ऑपरेशन टेबल. ताप 'मुरत' वगैरे काही नाही. गोळी सुरू केल्यावरही उतरायला तीन-पाच दिवस लागतात, आणि उतरला म्हणून कोर्स अर्धवट सोडला तर तो उलटतो. लोकांनी त्यालाच मुरणं म्हटलं असावं.

अन्न बंद करणं हा तर छळ आहे. हलकं द्या, मऊ भात द्या, वरण द्या. पण द्या.

आता 'शहरी रोग'. इथे मला थोडी माघार घ्यावी लागते. 2017 ते 2020 मध्ये देशात मुलांमधल्या टायफॉईडची मोठी पाहणी झाली. दिल्ली, कोलकाता, वेल्लोरच्या वस्त्यांत वर्षाला लाख मुलांमागे 576 ते 1173 रुग्ण निघाले. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात 35. म्हणजे फरक आहे, चांगलाच आहे. पण 35 म्हणजे शून्य नव्हे, आणि त्या गावांचं पाणी म्हणजे आपल्या गावचं पाणी नव्हे. आपली बोअर खोल आहे, कबूल. पण टाकीपासून घरापर्यंतची पाइपलाइन गटारातून जाते, व्हॉल्व्हचा खड्डा सदा भरलेला, आणि दोन दिवसांआड नळ आला की पहिली पाच मिनिटं गढूळ पाणी. नळ बंद असताना फुटक्या पाइपात गटारच शिरतं. टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, शेवटची कधी टाकली, हे सरपंचांना विचारून पाहा. दादाच्या घरी तर माठात प्रत्येकाचा तांब्या बोटांसकट बुडतो. ओगराळं खुंटीला टांगून ठेवलंय, शोभेला.

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतूंची खात्री नाही. पाणी उकळा.

विडालवर फार लिहीत नाही. आपल्याकडे धडधाकट माणसाचीही ती पॉझिटिव्ह येते आणि पहिल्या आठवड्यात खऱ्या रोग्याची निगेटिव्ह येऊ शकते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करा. तेही दर वेळी जंतू पकडत नाही, पण पकडला तर कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकला तर हा जंतू आताशा फारसा जुमानत नाही.

पुतण्याला त्याच संध्याकाळी तालुक्याला नेलं, आधी कल्चरचं रक्त, मग औषध. जंतू सापडला. पाचव्या दिवशी ताप गेला आणि पोराने पहिल्यांदा भाकरी मागितली. वहिनींनी तो मेसेज काढून टाकला. आज सकाळी धाकट्या काकांनी पुन्हा टाकला.