होतंय की

विश्रामबागेतल्या आमच्या घराचा पत्ता कुरिअरवाले एकमेकांना असा सांगतात: गल्लीत शिर, गेटातून मेलेली फियाट दिसली की थांब. आम्ही घरातले मात्र अजून ‘बंद आहे’ असंच म्हणतो. घरच्या माणसांना जरा उशिराच कळतं.

२०१२ च्या पावसाळ्यात बॅटरी उतरली. येत्या रविवारी मिस्त्रीला बोलावू, असं ठरलं. तो रविवार उजाडायला चौदा वर्षं लागली. तेवढ्यात रामसुद्धा वनवास संपवून परत आला होता.

गाडीचं कागदोपत्री नाव प्रीमियर पद्मिनी, जन्म १९९४, पासिंग एमएच-१०. पण सांगलीत तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. फियाटच. ज्या शेठ वालचंद हिराचंदांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज इथं विश्रामबागेत आहे, त्यांच्याच प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. त्यामुळे मेकॅनिकलचा एखादा पोरगा वरच्या खोलीत भाड्याने आला की पहिल्याच आठवड्यात मोठ्या उमेदीने बॉनेट उघडून बघतो. दुसऱ्या आठवड्यापासून गाडीजवळून जाताना मोबाइलमध्ये बघत जातो.

बंद गाडी रिकामी राहत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. डिकीत गणपतीचं मखर आणि आकाशकंदील गेले. मागच्या सीटवर एका मांजरीने तीन बाळंतपणं उरकली. पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगला; त्यामुळे पाय पसरायला ऐसपैस जागा. आप्पा रोज सकाळी तिथे बसून पेपर वाचतात. बायकोला शोध लागला, की गच्चीत कुरडया वाळायला तीन दिवस लागतात, फियाटच्या टपावर दीड. तेव्हापासून उन्हाळ्यात टपावर कुरडया, बॉनेटवर सांडगे अशी वाटणी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. गावभागातली आत्या नेसत्या लुगड्यानिशी आमच्याकडे आली, आणि तिची वाचलेली तांब्या-पितळेची भांडी महिनाभर या गाडीत होती. चालत्या गाडीने आमच्यासाठी एवढं कधीच केलं नव्हतं.

यंदा मात्र मनावर घेतलं. एकतर दुरुस्त करायची, नाहीतर काढून टाकायची. मिस्त्री आले. त्यांनी गाडीला हात न लावता तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “होतंय की.”

आमच्याकडचं ‘होतंय की’ बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याचा अर्थ चार दिवसांत होईल असा असतो, चार वर्षांनी होईल असाही असतो, आणि कधीकधी ‘होणार नाही, पण तुमचं मन कशाला मोडू’ असाही असतो. स्वर ऐकून ठरवायचं. मला स्वर कधीच कळलेला नाही.

त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोलचा वास येईना. फ्रेंच पॉलिशचा आला. जुन्या पेट्रोलची अशी चिकट राळ होते आणि कार्बोरेटरची बारीक भोकं बुजवून बसते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, त्यामुळे चारही चाकांचे सिलिंडर आतून गंजून बसलेले. टायर जमिनीला टेकले होते तिथे चपटे. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, तेही मांजर मागच्या सीटवर राहत असताना.

इंजिन जाम निघावं अशी माझी मनातून इच्छा होती. म्हणजे प्रश्नच मिटला असता. मिस्त्रींनी चारही प्लग काढले, आत थोडं थोडं ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुलीच्या नटाला पाना लावून हळूच जोर दिला. कुठेतरी ‘चुक्’ झालं आणि इंजिन फिरलं.

“जित्तं हाय सायेब!” मिस्त्री ओरडले. आप्पांनी पेपर खाली केला. मी घाईघाईने हसलो. लग्नात नको असलेला पाहुणा मुक्कामाला राहतो म्हणाला की हसतात, तसं.

त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या मागे हिशोब मांडला. एक लाख साठ हजार. “जरा इकडंतिकडं हुईल.”

“पत्र्याचं काम धरून?”

“पत्रा अजून खरवडून बघितलाय कुठं!”

सुट्या भागांचं विचारलं, तर पुण्याला नाना पेठेत हिंडावं लागेल म्हणाले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली. आता कोण कुणासाठी माल ठेवतो?

मग कागदपत्रं. पंधरा वर्षांची नोंदणी २००९ ला संपली, पाच वर्षं वाढवून घेतली, तीही २०१४ ला संपली. नूतनीकरणाचे पूर्वी ६०० रुपये पडायचे, २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० झाले. शिवाय पर्यावरण कर. शिवाय उशिराचा दंड. माझा आळस इतका काटेकोर चढत्या भाजणीत दुसऱ्या कुणी मोजलेला नाही. ओळखीचा एजंट धीर देत म्हणाला, “काका, पन्नास वर्षं झाली की व्हिंटेजमध्ये बसते.” म्हणजे २०४४. तोवर मलाच पन्नास वेळा पासिंगला जावं लागलेलं असेल.

भंगारवाला आला. त्याला चहा आणि भडंग दिलं, कारण आपण हरणार आहोत हे माहीत असलं की माणूस पाहुणचार वाढवतो. भडंग संपवून तो म्हणाला, “पुरातली हाय न्हवं?”

“नाही हो. पाणी इथवर आलंच नव्हतं.”

“सगळे तसंच म्हणत्यात.” सांगलीत कुठलीही जुनी गाडी विकायला काढा, ती आधी पुरात बुडवली जाते आणि मगच तिचा भाव होतो. किलोमागे दोन रुपये त्याने तिथेच कापले. वजन नऊशे किलोच्या आसपास. पुढचा हिशोब मी मुद्दाम केला नाही.

पण आप्पांचं काय? १९९४ ला त्यांनी फंड काढून ही गाडी घेतली होती. आता वय चौऱ्याऐंशी. रात्री जेवताना, शब्द चाचपत, मी विषय काढला.

“विक की,” आप्पा म्हणाले. “मला कुठं हवी होती ती? माझं मन अँबॅसिडरवर होतं. तुझ्या आईला हिचा रंग आवडला.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“तुझा जीव आहे तिच्यावर म्हणून.”

“माझा? अहो, मी तुमचा आहे म्हणून ठेवली!”

आप्पांनी ताकाची वाटी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. मीही आमटीत काहीतरी शोधत बसलो. एवढ्या वर्षांत त्या गाडीच्या मडगार्डला माझा हात जाईल एवढं भोक पडलंय.

म्हणजे गाडी कुणालाच नको होती. मी लगेच भंगारवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, उद्या सकाळी क्रेन घेऊन येतो. एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “उद्या? अहो, टपावर अडीच किलोच्या कुरडया आहेत. ओल्या!”

“परवा चालेल?”

“परवा सांडगे. मग पापड. मग नणंदबाईंचे गहू येणार आहेत, ऊन द्यायला.”

“आणि नंतर?”

“नंतर पाऊस. मखर भिजवताय का?”

आप्पा म्हणाले, “आणि मी पेपर कुठं वाचायचा, तेही एकदा ठरवा.”

फोन अजून चालूच होता. भंगारवाल्याने सगळं ऐकलं असावं. समंजस माणूस. म्हणाला, “मालक, मग दसऱ्याला येऊ?”

“होतंय की,” मी म्हणालो.