काउंटरवर राहिलेला अर्धा किलो कुंदा

आज संध्याकाळी बेळगावात, शहापूरच्या खडेबाजारात एका दुकानात रांगेत उभी होते. माझ्यापुढे चाळिशीची एक बाई. तिनं अर्धा किलो कुंदा (आमच्याकडची खव्याची मिठाई) सांगितला, तोही दोन पुड्यांत वेगवेगळा. कुणी विचारलं नसताना "पाहुणे आल्यात" असंही सांगून टाकलं. तेवढ्यात मागून तिच्या ओळखीची कुणीतरी, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात, "काय गे, डाएट करालीस म्हणे? मग हे कुणाला?" दोघीतिघी हसल्या. काउंटरवरचा माणूसही हसला. त्या बाईनं काढलेले पैसे परत पर्समध्ये टाकले, "राहू दे ओ अण्णा, उद्या नेते" म्हणाली आणि खाली मान घालून निघून गेली. बांधलेल्या दोन्ही पुड्या काउंटरवर तशाच.

हसणारीला वाटलं असणार, चला, मैत्रिणीचं डाएट वाचवलं.

खरंच पाहुणे आले असतील तर माझी ही पोस्ट फुकट. पण न विचारता दिलेलं कारण, दोन वेगळ्या पुड्या, आजूबाजूला भिरभिरणारी नजर... खाण्याच्या त्रासांचं काम करणाऱ्या कुणालाही हे लगेच ओळखू येतं. आणि माझा अंदाज बरोबर असेल तर आज रात्री अकराला, घर झोपल्यावर, ट्यूब न लावता, फ्रिजच्या उजेडात तो कुंदा वसूल होणार आहे. चिरमुऱ्यांचा डबा, सकाळच्या उरलेल्या तीन चपात्या तूपसाखर लावून, पोरांचा बिस्किटपुडा. उभ्याउभ्या, भराभर, चव न कळता. कुंदा वाचला नाही ओ, त्याचं फक्त नाव बदललं.

याला बिंज ईटिंग म्हणतात आणि हा खादाडपणा नाही. महालक्ष्मी यात्रेत मटणाचा चौथा वाडगा घेणं म्हणजे बिंज नव्हे. तिथं चारचौघांत, हसतखेळत, चव घेत खाल्लं जातं. बिंजमध्ये तासा-दोन तासांत कुणीही सहसा खाणार नाही एवढं पोटात जातं आणि मुख्य म्हणजे थांबता येत नाही. भूक नसताना खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, लाजेपोटी एकटीनं खाणं, नंतर स्वतःची किळस येणं. आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चाललं तर तो आजार ठरतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून त्याला स्वतंत्र जागा आहे. डॉक्टरांना तो कळायला एवढी वर्षं लागली, पण आमच्याकडे निदान तयारच असतं: "जिभेवर ताबा नाही."

ताबा! ज्या बाईनं सकाळी फक्त लिंबूपाणी घेतलं, दुपारी एक फुलका आणि काकडी खाल्ली, चारला बिनसाखरेचा चहा घेतला, संध्याकाळी सात माणसांच्या भाकऱ्या थापल्या आणि त्यातली एकही खाल्ली नाही, तिच्यात ताबा कमी आहे? तुमच्या-माझ्यापेक्षा दसपट जास्त आहे. अकरा वाजता जे होतं त्याची सुरुवात सकाळी आठला झालेली असते, हे लोकांच्या डोक्यात का शिरत नाही मला कळत नाही.

उपाशी शरीर काय करतं ते १९४४-४५ मध्येच अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात दिसलं होतं. तिथले शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने दिवसाला साधारण १,६०० कॅलरींच्या आसपास ठेवलं. ती पोरं दिवसरात्र जेवणाचंच बोलायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, आणि प्रयोग संपल्यावर काहीजण पोट फुटेस्तोवर खाऊनही भुकेलेच राहिले. ज्यांना आधी खाण्याचा कसलाही त्रास नव्हता, त्यांची ही गत. आणि आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरणारे तक्ते किती कॅलरींचे असतात? बाराशे.

त्यात आणखी एक गाठ असते, मनाची. नियम जेवढा कडक तेवढा तो लवकर मोडतो, आणि एकदा मोडला की "आता मोडलाच आहे तर आज खाऊन घेऊ, सोमवारपासून पुन्हा कडक". एका बिस्किटानं पुडा संपतो तो असा. आणि रविवारी रात्री सगळं संपवायचं कारण सोमवारपासून मिळणार नाही. दुकानातल्या त्या एका वाक्यानं नेमकं हेच केलं असणार. कुंदा म्हणजे चोरी, आणि चोरी कुणी दिवसाउजेडी करत नाही.

आता थोडं शांतपणे लिहिते, कारण आपल्या लिस्टमध्ये दोन-चारजणी तरी आहेत ज्यांना हे हवं आहे आणि त्या कमेंट करणार नाहीत.

पहिली गोष्ट, वजन उतरवणं तीन-चार महिने बाजूला. कायमचं नाही. दोन्ही एकदम करायला गेलं की डाएट बिंजला खतपाणी घालतं आणि बिंज डाएटला. (देखरेखीखाली बेतानं वजन उतरवताना काहींचं बिंजही कमी होतं, मान्य. पण देखरेखीखाली, आणि बेतानं.)

मग घड्याळ. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बिंजसाठी जी उपचारपद्धत बसवली तिचा पाया एवढाच आहे: दिवसात तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, आणि जागेपणी तीन-चार तासांपेक्षा मोठी फट नाही. आपल्याकडे हे कसं बसवायचं? आठला नाश्ता: दीड वाटी पोहे वर शेंगदाणे घालून, किंवा दोन डोसे, किंवा भाकरी-अंडं. अकराला एक फळ किंवा ताक. दीडला पूर्ण जेवण, म्हणजे जोंधळ्याची एक-दीड भाकरी, वाटीभर उसळ, भाजी, वाटीभर भात, थोडी शेंगाचटणी. भात सोडायचा नाही. साडेचारला मूठभर फुटाणे आणि केळं. साडेआठला पुन्हा भाकरी-भाजी-आमटी-भात, सगळ्यांसोबत बसून. भूक असो-नसो, वेळ झाली की खायचं, कारण सुरुवातीला भुकेचा काटाच बिघडलेला असतो, त्याला विचारून उपयोग नाही.

बहुतेकींचं घसरतं ते साडेचारच्या खाण्यावर. "दुपारी जेवले की, आता कशाला?" म्हणून नुसता चहा. दीड ते साडेआठ सात तास होतात. त्यात सातला कांदा परतल्याचा वास, ऑफिसवरून आलेल्याची चिडचिड, पोरांचा अभ्यास. या सात तासांनंतर कुणीही कोसळेल. तुम्हाला एकच बदल झेपत असेल तर साडेचारचे फुटाणे तेवढे करा.

वही ठेवा. कॅलरी लिहायच्या नाहीत, अजिबात नाही. वेळ, काय खाल्लं, कुठं, एकटी की सोबत कुणी, आणि त्याआधी काय झालं. हाताबाहेर गेलं असं वाटलं तिथं फुली. खाल्ल्या खाल्ल्या लिहायचं. रात्री आठवून लिहिलं की लाज मधे येते आणि अर्धं गाळलं जातं. दोन-तीन आठवड्यांत फुल्यांचा पॅटर्न स्वतःच दिसतो. एखादीच्या फुल्या दुपार चुकलेल्या दिवशी असतात, एखादीच्या माहेरचा फोन आला त्या दिवशी, एखादीच्या झोप पाच तास झाली त्या दिवशी. ज्याच्यावर फुली त्याच्यावर औषध. सगळ्यांना एकच तक्ता लागू होत नाही तो म्हणून.

काट्यावर आठवड्यातून एकदाच. एकच वार, सकाळी. बिंजच्या दुसऱ्या दिवशी काटा दीड-दोन किलो वर दाखवतो आणि बाई खचते, उपाशी राहते, आणि चक्र पुन्हा सुरू. हिशेब करा की. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. समजा रात्री तीन हजार जास्तीच्या गेल्या, तरी चरबी फार तर चारशे ग्रॅम. बाकीचं पाणी, मीठ आणि पोटातलं अन्न. पिष्टाचा साठा शरीरात ग्लायकोजेन म्हणून होतो आणि एका ग्रॅममागे जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरतो. ते चार दिवसांत उतरतं, पण चार दिवस नीट जेवलात तर.

म्हणून बिंजनंतरचा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा उपाय: दुसऱ्या दिवशी आठला नाश्ता. नेहमीएवढाच. पाप धुवायला उपास नाही, दहा किलोमीटर पळणं नाही, जुलाबाचं चूर्ण नाही, घशात बोटं तर मुळीच नाही. उलट्या किंवा जुलाब करून भरपाई करायची सवय लागली असेल तर तो वेगळा आजार आहे. त्यात पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडतात, तिथं वही-घड्याळ करत बसू नका, डॉक्टर गाठा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखरेच्या गोळ्या असणाऱ्यांनीही जेवणाच्या वेळा आधी डॉक्टरांना दाखवूनच बदलायच्या.

उबळ आली की ती लाटेसारखी येते, चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते. तेवढा वेळ स्वयंपाकघराबाहेर आणि हात गुंतलेले हवेत: गच्चीवर कपडे काढायला जा, अंघोळ करा, बहिणीला फोन करा, गल्लीत दोन फेऱ्या मारा. टीव्ही आणि मोबाईल नको. त्यांच्यासोबत तोंड चालू ठेवायची सवय आपल्याला लागलेलीच आहे. पण खरंच भूक असेल तर हे सगळं खोटं ठरतं. आधी जेवा.

उपासांचं बोलायलाच हवं, आता कुणाला राग येवो. सोमवार, संकष्टी, एकादशी, श्रावण. संकष्टीचा चंद्रोदय बहुधा रात्रीचाच, कधी नऊ, कधी त्याहून उशीर. दिवसभर साबुदाण्यावर राहायचं, आणि मग पानात मोदक, भात, वरण, पुरी. बिंजसाठी याहून चांगली तयारी शत्रूनेही करून दिली नसती. देवाला सांगा, तीन महिने सूट दे. आजारी माणसाला उपास माफ असतो हे आपल्या आज्या सांगत आल्यात. आणि सूट नकोच असेल तर दर तीन तासांनी दूध, फळं, शेंगदाणे, राजगिरा. पण पोट रिकामं नको. सासूबाईंना काय सांगायचं? "डॉक्टरांनी सांगितलंय." एवढं पुरतं.

आता कुंदा. (येणारच होता.) वर्ज्य पदार्थ परत आणायचे असतात, पण वेळापत्रक तीन-चार आठवडे नीट बसल्यावर. दुपारच्या पूर्ण जेवणानंतर, बशीत, बसून, कुणासोबत तरी, ५० ग्रॅम. दुकानातून तेवढाच आणायचा. चूक होते ती दोन ठिकाणी: सहा वाजता भुकेल्या पोटी "आज प्रयोग करून बघते" म्हणणं, आणि किलोचा डबा घरात उघडा ठेवणं. पहिल्या दोन वेळा हात थरथरतो. पाचव्या-सहाव्या वेळी अर्धा बशीतच राहतो, आणि ते बघून बाईला स्वतःलाच खरं वाटत नाही. गोकाकच्या करदंटाचंही (डिंक-सुक्यामेव्याच्या मिठाईचंही) तसंच, घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

या सगळ्यात वजन फारसं उतरत नाही, हे आधीच सांगून ठेवते. बहुतेकींचं आहे तिथं थांबतं. गुडघे, साखर, रक्तदाब यांच्यासाठी वजन महत्त्वाचं आहे, नाही म्हणत नाही. पण दर वर्षी सात किलो उतरवून नऊ चढवण्यापेक्षा एका जागी थांबणं शरीराला परवडतं. तीन महिने फुल्या नसल्या की मग हळूच: फोडणीचं तेल निम्मं, भात अर्धी वाटी कमी, चालणं अर्धा तास. जेवण एकही गाळायचं नाही. फुली परत दिसली की पुन्हा मागे.

एकटीला जमत नसेल तर लाजू नका. बेळगावात सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, भाषा निवडता येते. "खाण्यावर ताबा राहत नाही, वजनासाठी नव्हे, त्यासाठी फोन केलाय" असं स्पष्ट सांगा, नाहीतर समोरचाही डाएटच सांगायला लागतो.

घरच्यांनी काय करायचं? डबे लपवू नका, कपाटाला कुलूप नको, ताटात डोकावू नका, "बारीक झालीस" पण नको आणि "सुटलीस" पण नको. चार माणसांत तर खाण्यावर एक शब्द नको. साडेचारला तुम्ही फुटाणे खाताना दोन वाट्या काढा, झालं.

आणि ती मागून बोलणारी... मघाशी तिच्यावर फार चिडले होते. आता वाटतं, तीही कदाचित सकाळपासून लिंबूपाण्यावर असेल.

कुंद्याच्या पुड्यांचं काय झालं ते मी बघितलं नाही, माझा पाव किलो घेऊन निघाले. पण अक्का, ही पोस्ट फिरत फिरत तुमच्यापर्यंत आलीच तर: आज रात्री जे झालं असेल ते असू दे. उद्या आठला पोहे, वर शेंगदाणे. दुकान सकाळी उघडतं, अण्णांना पन्नास ग्रॅमच मागा.