पीसीवर गेम येईपर्यंत तग कसा धरावा

परवा रात्री नऊ वाजता माझ्या स्क्रीनवर एक ओळ उमटली: 'शेडर तयार होत आहेत, १४ टक्के.' शेडर म्हणजे उजेड, सावल्या, रंग कसे दाखवायचे हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम. मी पाणी पिऊन आलो. १४ टक्के. उद्याचे कपडे काढून ठेवले. १५ टक्के. हा गेम कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्यावर, येऊन दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं मी त्याची वाट बघितली, आणि अखेर घरात आल्यावरही तो मला वाटच बघायला लावत होता. त्या पट्टीकडे टक लावून बसलो असताना मला जे ज्ञान झालं, ते एकट्याने भोगणं बरं नव्हे. म्हणून पीसीवर गेम खेळणाऱ्या, म्हणजे मुख्यतः न खेळणाऱ्या, माझ्या बांधवांसाठी हे चार हिताचे शब्द.

सगळ्यात आधी 'एक्सक्लुझिव्ह' या शब्दाचा अर्थ समजून घ्या. ट्रेलरच्या शेवटी तो झळकला की भाबड्या लोकांना वाटतं, गेम फक्त त्याच मशीनवर येणार. तसं काही नाही. त्याचा खरा अर्थ 'तूर्तास' असा आहे, आणि तूर्तास म्हणजे किती हे विचारणं असभ्यपणाचं. 'रेड डेड रिडेम्प्शन' २०१० मध्ये कन्सोलवर आला आणि पीसीवर २०२४ च्या ऑक्टोबरात. चौदा वर्षं. रामाचा वनवासही तेवढाच होता, पण त्याला परत यायची तारीख तरी माहीत होती. मधल्या काळात दुसरा भाग २०१९ मध्येच पीसीवर येऊन गेला. म्हणजे आम्ही आधी दुसरा भाग खेळलो, मग पाच वर्षांनी पहिला. आता दुसऱ्या भागाची गोष्ट मुळात पहिल्याच्या आधी घडते, तेव्हा आम्हाला कथा क्रमाने कळावी म्हणूनच कंपनीने हे केलं असणार. असं समजायला शिका. तब्येतीला बरं असतं.

कारण मात्र विचारू नका. आणि विचारलंच, तर 'तांत्रिक' हे उत्तर हात जोडून घ्या. २०१३ साली सोनीचा पीएस४, म्हणजे प्लेस्टेशन ४, आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन हे कन्सोल आले, तेव्हापासून दोन्हींच्या पोटात एएमडीचे एक्स८६ प्रोसेसर आहेत, म्हणजे तुमच्या टेबलाखालच्या डब्यात असतात त्याच जातीचे. गेम लिहिला जातो पीसीवर. चित्रं काढली जातात पीसीवर. विकसकाच्या टेबलावर तो पहिल्यांदा धडपडत चालतो, तोही बहुधा पीसीवरच. फक्त तो विकायची वेळ आली की पीसी हे एक अनाकलनीय, परग्रहावरचं यंत्र होतं. 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट' २०२१ मध्ये आला, तेव्हा एका जगातून दुसऱ्या जगात क्षणात उडी मारायची करामत केवळ पीएस५ च्या वेगवान एसएसडी साठवणीमुळेच जमते असं आपल्याला ऐकवलं गेलं. आपण माना डोलावल्या. २०२३ च्या जुलैमध्ये तोच गेम पीसीवर आला आणि किमान गरजांच्या यादीत चक्क साधी, संथ हार्ड डिस्क होती. उड्या जरा अडखळत, पण उड्याच.

ट्रेलर शेवटपर्यंत बघत जा. २०२० मध्ये 'डीमन्स सोल्स' या पीएस५ च्या गेमच्या ट्रेलरखाली 'पीसीवरही उपलब्ध' असं झळकलं होतं. मग ती मानवी चूक होती असा खुलासा आला. त्या मानवाकडून आणखी एखादी चूक व्हावी म्हणून मी आशा लावून बसलोय.

'ब्लडबोर्न'बद्दल बोलू नका. २०१५ मध्ये पीएस४ वर आला, सेकंदाला तीस फ्रेम, पीसीवर अजून नाहीच, बास.

पुढचा सल्ला कथेबद्दल. शेवट कळू नये असं वाटत असेल तर दोन वर्षं इंटरनेट वापरू नका. व्हिडिओच्या नुसत्या चित्रावर शेवट असतो, 'त्याचा मृत्यू समजावून सांगतो' असं वर ठळक लिहिलेलं असतं, त्यामुळे न उघडताही तुम्ही गार. मी सगळं टाळलं होतं. नावं म्यूट केली, शब्द म्यूट केले, एका जुन्या मित्राला म्यूट केला. मग भाचा आला. त्याच्याकडे कन्सोल आहे. म्हणाला, "मामा, शेवटी तो म्हाताराच मरतो, पण तू खेळ हं, तरी मजा येते." पोरगं बारा वर्षांचं आहे, मनाने निर्मळ आहे. मी त्याला काही बोललो नाही. त्याच्या आईला बोललो.

आता मुख्य विषय. गेम आला, पैसे भरले, डाउनलोड झाला, तर लगेच खेळायला बसायचं नाही. कन्सोलवर प्रत्येक मशीन सारखं असतं, म्हणून शेडर आधीच तयार करून गेमसोबत पाठवता येतात. पीसीवर ग्राफिक्स कार्डं वेगळी, ती चालवणारे ड्रायव्हर प्रोग्राम वेगळे, त्यामुळे ते काम तुमच्या मशीनवर करावं लागतं. इथवर मला मान्य आहे. काही गेम हे आधी करतात, काही खेळताना करतात आणि दर वळणावर उचकी लागल्यासारखे थांबतात. त्यापेक्षा आधी केलेलं बरं, हेही मान्य. २०२३ च्या मार्चमध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' पीसीवर आला तेव्हा लोक ही पट्टी बघत किती वेळ बसले होते आणि मग गेम कसा कोसळत होता, ते जगाने पाहिलं. त्यातून या धंद्यातले लोक काही शिकले असतील असं मला वाटलं होतं. मीच मूर्ख.

कारण स्टीम या ऑनलाइन दुकानाचा नियम असा, की खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत. आणि खेळण्याचा वेळ मोजायला सुरुवात कधी होते? पट्टी सुरू झाल्यापासून! माझी पट्टी पूर्ण व्हायला एक तास बेचाळीस मिनिटं लागली. मग गेम म्हणाला, अकाउंट उघडा. एकट्याने खेळायचा गेम, दुसरा माणूस त्यात येण्याची सोयच नाही, तरी अकाउंट उघडा. उघडलं. ज्या चौकोनांत सिग्नल दिसतो ते निवडा. निवडले. तो खांब सिग्नलमध्ये धरायचा की नाही, यावर मी माझ्या आयुष्यातली चार मिनिटं घालवली. कोड मेलवर पाठवला आहे. मेल आला नाही. पुन्हा पाठवा. दोन आले, त्यातला पहिला रद्द झालेला. शेवटी नायक दिसला. घोड्यावरून उतरला, दाराशी गेला, त्याने दार ढकललं आणि गेम बंद. पुन्हा सुरू केला. दार, बंद. ड्रायव्हर नवा टाकला. आणि ड्रायव्हर बदलला म्हणून काय झालं असेल? ओळखा बघू. शेडर तयार होत आहेत, शून्य टक्के!

मी तिथेच सोडलं आणि पैसे परत मागितले. उत्तर लगेच आलं, त्याला मात्र शेडर लागत नाहीत. 'आपण हा गेम २ तास १७ मिनिटं खेळला आहात.' खेळलो आहे? मी? मी एक पट्टी बघितली आणि एक दार बघितलं! दाराच्या पलीकडे काय आहे हे मला आजही माहीत नाही. म्हातारा मरतो एवढं माहीत आहे, तेही भाच्याच्या कृपेने. तुमच्या पट्टीला खेळ म्हणता? मग ट्रेलरमध्ये घोड्याऐवजी पट्टी दाखवा ना!

असो. मी शांत आहे. सल्ले चालू ठेवतो.

अकाउंटवरून आठवलं. 'हेलडायव्हर्स २' २०२४ च्या फेब्रुवारीत पीएस५ आणि पीसीवर एकाच दिवशी आला. एकाच दिवशी, हे पुन्हा वाचा. बारा आठवड्यांत, सोनीनेच सांगितल्याप्रमाणे, १ कोटी २० लाख प्रती गेल्या. म्हणजे आम्हाला ताटकळत न ठेवताही धंदा होतो हे सिद्ध झालं, आणि ते सोनीला फार लागलं असावं. कारण मे महिन्यात त्यांनी फर्मावलं, की पीसीवाल्यांनी प्लेस्टेशनचं अकाउंट जोडलंच पाहिजे. ही अट पहिल्यापासून विक्रीच्या पानावर लिहिलेली होती, हे खरं. पण सुरुवातीला ती ओलांडून खेळता येत होतं, आणि ज्या देशांत प्लेस्टेशनचं अकाउंट उघडताच येत नाही तिथेही गेम खुशाल विकला होता. म्हणजे पैसे चालतात, माणूस चालत नाही. स्टीमवर दोन लाखांवर वाईट अभिप्राय पडले तेव्हा कुठे दोनतीन दिवसांत माघार घेतली. तरी त्याच वर्षी सप्टेंबरात 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' पीसीवर आला आणि पुन्हा अकाउंट हवंच! बाप आणि मुलगा डोंगर चढतायत, त्यात माझ्या अकाउंटचं काय काम? २०२५ उजाडल्यावर ती सक्ती काही गेमपुरती काढली. उपकार झाले.

मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून केलेले फेरफार, बनवणाऱ्या पोरांना रोज नमस्कार करत जा. २०१२ मध्ये 'डार्क सोल्स' पीसीवर आला, तेव्हा चित्राचं रिझोल्यूशन १०२४ बाय ७२० ला जखडलेलं होतं, आणि एका चाहत्याने ते फुकटात, गेम आल्या आल्या मोकळं करून दिलं. पगारी माणसांना का जमलं नाही, हे पुन्हा 'तांत्रिक'.

मशीन बदलायची तयारी ठेवा. मशीन नाही तर विंडोज. 'हेलो २' एक्सबॉक्सवर २००४ मध्ये आला, पीसीवर २००७ मध्ये, आणि तोही फक्त व्हिस्टा असेल तरच. व्हिस्टा! ज्यांनी तो वापरलाय त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांतता.

आता कोणी म्हणेल, धंदा आहे, समजून घ्या. समजतं हो मला. कन्सोल विकून फारसं सुटत नाही, कधी तर तोटाच होतो. कमाई आहे ती त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधल्या वाट्यात, साधारण तीस टक्के. म्हणून तुम्हाला त्या डब्यापर्यंत ओढून आणायला एखादा गेम आमिष म्हणून टांगावा लागतो. जो कन्सोल बनवतो आणि स्वतःच्या खिशातून गेमही बनवतो, त्याने तो आधी स्वतःच्या मशीनवर आणला तर माझं भांडण नाही. पाचसहा वर्षं शेकडो माणसं राबतात, तेव्हा असा गेम होतो. आणि पीसीवाले तरी कुठले संत! 'मेट्रो एक्सोडस' २०१९ मध्ये यायला दोनेक आठवडे उरले असताना स्टीमवरून उठला आणि वर्षभर एपिकच्या दुकानात जाऊन बसला, तेव्हा आपणच आपल्या पीसीवर एक्सक्लुझिव्ह अनुभवलं. 'बाल्डर्स गेट ३' तर २०२३ मध्ये आधी पीसीवर आला. एक्सबॉक्सवाले त्या डिसेंबरपर्यंत थांबले, आणि मी त्यांच्याकडे बघून हसलो होतो हे कबूल करतो.

पण मग तसं सांगा ना! 'जीटीए ५' २०१३ मध्ये पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर, २०१४ मध्ये पुढच्या पिढीच्या कन्सोलवर, २०१५ मध्ये पीसीवर. धीर नसलेल्या माणसाने तोच गेम तीनदा विकत घेतला. 'जीटीए ६'चा पहिला ट्रेलर २०२३ च्या डिसेंबरात आला, सोबत पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजची नावं. पीसीचं नाव नाही. येणार नाही असंही नाही. ही गप्प बसण्याची जी कला आहे ना, तिची मला चीड आहे. उशिराची नाही. तारीख दिलीत तर जो थांबेल तो थांबेल, ज्याला घाई असेल तो कन्सोल घेईल, आणि दोघंही डोळे उघडे ठेवून पैसे देतील. तुम्हाला तेच नकोय. ताकाला येता आणि भांडं लपवता. लोकांनी कंटाळून आधी कन्सोल घ्यावा, मग सहा महिन्यांनी पीसीवर तोच गेम 'भव्य आगमन' म्हणून पुन्हा घ्यावा, यासाठी ते मौन आहे. आणि एवढं थांबवून जे आणता ते तरी धड आणा! २०१५ मध्ये 'बॅटमॅन: अर्कहॅम नाइट'ची पीसी आवृत्ती इतकी फुटकी होती की काही दिवसांत विक्रीतून काढून घ्यावी लागली आणि ऑक्टोबरात परत आणली. तेव्हा ती निदान मागे घेण्याची लाज होती. आता विकायचं, एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, 'आम्ही तुमचं ऐकतोय' लिहायचं आणि दुरुस्तीचे नऊ पॅच सोडायचे. आम्ही पैसे देऊन तुमची चाचणी करतोय. पगार आम्हाला द्या.

आणि तुम्ही. हो, तुमच्याशीच बोलतोय, हसू नका. कन्सोलवाल्याला तुम्ही 'गुलाम' म्हणता, तो तुम्हाला 'भिकारी' म्हणतो, आणि ज्यांच्यासाठी हे भांडण चाललंय त्या कंपन्यांना तुमचं नावही माहीत नाही. गेम पीसीवर येतोय म्हटल्यावर रडणारे कन्सोलवाले मी पाहिलेत. दुसऱ्याला मिळालं म्हणून तुमच्यातलं काय कमी झालं? आणि कंपनीवर थुंकून त्याच रात्री डिलक्स आवृत्तीची आगाऊ नोंदणी करणारे पीसीवालेही पाहिलेत. डिजिटल गेम संपत नाही रे बाबा! गोदामात शेवटची चार डाउनलोड उरलेली नसतात. आधी कशासाठी घेता? घोड्याच्या सोनेरी खोगिरासाठी? तो घोडा दारापर्यंत गेला की गेम बंद पडतोय!

आत्ता हे वाचताना मागे एका टॅबमध्ये ते नोंदणीचं पान उघडं असेल, तर बंद करा. माझंही होतं. दुसऱ्या भागाचं. काल रात्री बंद केलं, ट्रेलर दोनदा बघून झाल्यावर.