पिल्लाला चावायला कसं शिकवावं

घरात दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आलंय आणि ते पुरेसं चावत नाही, अशी काळजी तुम्हाला लागली असेल तर ती सोडा. दुधाचे २८ दात, तेही सुईसारखे, म्हणजे निम्मं काम निसर्गानेच करून ठेवलंय. उरलेलं निम्मं आपलं, आणि ते आपण सहसा चोख करतो.

खरं तर तयारी पिल्लू आणण्याआधीच सुरू व्हायला हवी. आईपासून जितक्या लवकर तोडाल तितकं बरं. पाच आठवड्यांचं मिळालं तर सोन्याहून पिवळं! भावंडांत राहिलं की पिल्लू वाया जातं. एकाने जोरात दात रोवले की दुसरं केकाटतं, खेळ टाकून निघून जातं, आणि चावणारं बिचारं एकटंच शेपटी हलवत उभं राहतं. असं पुन्हापुन्हा झालं की जबडा कितपत आवळायचा याचा त्याला अंदाज येतो. आठ आठवडे ही शाळा करून आलेल्या पिल्लावर तुम्हाला दुप्पट मेहनत घ्यावी लागेल.

पहिला धडा हाताचा. पाचही बोटं त्याच्या नाकासमोर वळवळवा, गालावर हलकेच टपल्या मारा, पोटाला गुदगुल्या करा. हात दाखवून अवलक्षण ही म्हण याच खेळासाठी निघाली असावी. बोट तोंडात गेलं की ‘अरे गुलामा!’ म्हणून मोठ्याने हसा आणि हात झटकन मागे ओढा. या झटक्यात कसूर नको. ढिला पडलेला हात म्हणजे नुसतंच मांस, पळणारा हात म्हणजे उंदीर. आणि पळेल ते पकडायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. काही अरसिक माणसं अशा वेळी हात ढिला सोडून गप्प बसतात. पिल्लाचा अगदी हिरमोड होतो. दोरीचं खेळणं तर कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरच ठेवा. हाताशी असलं तर ऐन वेळी कुणीतरी ते पुढे करायचं, आणि पिल्लाला दोरीच आवडू लागायची.

दुसरा धडा सहकुटुंब द्यायचा आहे. आईने चावल्यावर रागवायचं, बाबांनी ‘चाव, चाव, अजून जोरात’ म्हणत मनगट पुढे करायचं, मुलांनी किंचाळत घरभर पळायचं, आजीने ‘दात शिवशिवत असतील गं त्याचे’ म्हणत पदराचं टोक द्यायचं. (आजीचं निदान बरोबर असतं. दात पडायचा-यायचा काळ साधारण तीन ते सहा महिन्यांचा. त्यात थंडगार ओलं फडकं चघळायला दिलं तर बरं वाटतं. पण पदर तो पदर!) एकाच गोष्टीला चार माणसांकडून चार उत्तरं मिळाली की पिल्लू स्वतःच संशोधन करू लागतं. दिवसभर करतं.

झोपेचे तर लाड करूच नका. या वयात दिवसाचे १८ ते २० तास झोपणं म्हणजे निव्वळ आळस! डोळा लागला की उचला, फोटो काढा, शेजाऱ्यांना दाखवा. मग संध्याकाळी सातला मजा बघा. कान मागे, डोळे मोठे, सोफ्याभोवती तीन फेऱ्या, आणि चौथ्या फेरीला ते तुमच्या पायजम्याला लटकलेलं. तुम्ही चालताय, ते फरशीवरून घसरत मागे येतंय, आणि दर पावलाला पायजमा एक बोट खाली. आता त्याला आणखी खेळवून दमवा. दमलंय म्हणूनच चावतंय, असली शंका मनात आणू नका.

एवढं होऊनही तुमचाच संयम सुटला तर घरातल्या जाणकाराला बोलवा. तो सांगेल, ‘मालक कोण ते दाखवायला हवं. उलटं पाडून दाबून धर, लांडग्यांत असंच असतं.’ ही समजूत बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी ते १९४७ साली मांडलं. पुढे लांडग्यांचे संशोधक डेव्हिड मेक यांनी ही कल्पना घरोघर पोहोचवली आणि १९९९ साली त्यांनीच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. पण हे जाणकाराला सांगू नका, त्याचा मूड जाईल. त्यापेक्षा गुरगुरल्याबद्दल नाकावर फटका द्या. काही दिवसांत गुरगुर थांबते. चावणं तेवढं उरतं, तेही पूर्वसूचनेशिवाय.

शेजारी एक बाई आहेत. त्यांचं पिल्लू चावलं की त्या एक शब्द न बोलता उठतात, खोलीबाहेर जातात, अर्ध्या मिनिटाने परत येऊन खेळ पुढे चालू करतात. दर वेळी. घरातले सगळे तेच करतात. इतकं नीरस घर मी पाहिलेलं नाही.

एका बाबतीत मात्र थट्टा नाही. दात लागून रक्त आलं किंवा ओरखडा उठला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. ‘घरचंच पिल्लू आहे’ म्हणून टाळू नका, आणि पिल्लाची रेबीजची लसही वेळेवर द्या.

बाकी अभ्यास असाच चालू ठेवा. सात महिन्यांत २८ चे ४२ होतात, जबडाही भरतो. मग एखाद्या रविवारी पाहुणे येतात. तुम्ही दारातूनच सांगता, ‘काही करत नाही हो, खेळतोय.’ पाहुणे कौतुकाने वाकून हात पुढे करतात. पुढचं त्यांना कुणीच शिकवलेलं नसतं, तरी ते हात अगदी बरोबर झटकन मागे ओढतात.