नुसतं 'नाही' म्हणून चालणार नाही

रविवारच्या मॅचमुळे मुलं चर्चपासून तुटतात, म्हणून आईवडिलांनी मॅचला सरळ नाही म्हणावं, असं एका लेखात म्हटलंय. काळजी खरी आहे, उपाय मात्र मला पटला नाही.

माझा मुलगा तेरा वर्षांचा, बेळगावच्या कॅम्पात वाढलेला. फुटबॉलचं भारी वेड. उपासना नऊला आणि मॅचही त्याच सुमारास. गेल्या पावसाळ्यात एकदा तो मॅच संपवून तसाच धावत आला. गुडघ्यापर्यंत लाल चिखल, बूट पिशवीत. मागच्या बाकावर अंग चोरून बसला. शेजारच्या आज्जींनी काही न बोलता आपलं गीतांचं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. त्या दिवशी कुणी रागावलं असतं तर तो परत आला असता का?

रविवार पाळणारा ख्रिस्ती धावपटू एरिक लिडेल, त्याचं उदाहरण सगळे देतात. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणून तो धावला नाही आणि 400 मीटरमध्ये सुवर्ण जिंकलं. पण तो तेव्हा 22 वर्षांचा होता, निर्णय त्याचा स्वतःचा होता, आणि वेळापत्रक आधीच कळल्यामुळे त्याने 400 ची तयारीही केली होती. (पुढे तो लंडन मिशनरी सोसायटीतर्फे चीनला गेला. आपल्या बेळगावात 1820 मध्ये आलेलं मिशन तेच.)

कॅथलिक शेजाऱ्यांना रविवारऐवजी शनिवारी संध्याकाळची मिस्सा (त्यांची उपासना) चालते. आपल्याकडेही मुलांसाठी शनिवारी उपासना ठेवता येईल का, हे विचारायला आम्ही चार घरची माणसं या आठवड्यात पाळकसाहेबांकडे जाणार आहोत.